डावीकडे कोण आहे

रत्नागिरी
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय संदेशदादा,

साष्टांग नमस्कार. (आई म्हणाली, मोठ्या भावाला असंच लिहायचं, चुलत असला तरी. मी पडले इंग्लिश मीडियमची, त्यामुळे मायना तिचा आणि खालचं सगळं माझं. चुका दिसल्या तर हसून सोडून दे.)

तू बरा आहेस ना? वैदेहीवहिनी कशी आहे? लांजाला उकाडा आहे का? इथे तर पाऊस गेल्यापासून अंग नुसतं चिकचिक करतंय. बाबांचा गुडघा दुखतोच आहे, तरी ते रोज बंदरावर जाऊन बांगडे घेऊन येतात आणि महाग मिळाले म्हणून आईची बोलणी खातात. माझं सेकंड इयर चालू आहे. स्टॅटिस्टिक्समध्ये वर्गात पहिली आले, हे बाबांनी अख्ख्या आळीला सांगितलंय, तर तुलाही सांगून टाकते.

आता तू म्हणशील, पत्र कशाला. फोन केला की वहिनी उचलते आणि तू दर वेळी 'आत्ताच बाहेर गेला' असतोस. मागच्या वेळी मला तुझा खोकला ऐकू आला होता, पण असू दे. व्हॉट्सअॅप तू काढूनच टाकलंस. म्हटलं, कागद निदान फाडायच्या आधी एकदा वाचशील.

मुद्द्यावर येते. यंदाची जिल्ह्याची स्पर्धा रविवारी सोळा नोव्हेंबरला आहे. आपल्या सागरतारा क्लबची एंट्री आदल्या दिवशी शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत द्यायची आहे. अठरा नावांची यादी आणि खाली कोचची सही. कोच म्हणून अजून तुझंच नाव लागतंय. गेल्या वर्षी आपण मॅच अर्धी टाकून आलो. यंदाही उतरलो नाही तर क्लबचं नाव कायमचं काढून टाकू, असं आयोजकांनी कळवलंय. म्हणजे तू आला नाहीस तर सागरतारा संपला. मी प्रेशर टाकत नाहीये. म्हणजे टाकतेच आहे थोडं.

तुझ्यासाठी मी पूर्ण स्क्वॉडचा रिपोर्ट केलाय. एक्सेलची प्रिंट सोबत आहे, पण ती तू बघणार नाहीस हे माहीत आहे, म्हणून इथेच सांगते.

गोलकीपर यज्ञेश. उंची मस्त, हात लांब, जमिनीलगतचे शॉट छान अडवतो. पण उंचावरून बॉल आला की डोळे मिटतो. मी झूम करून बघितलंय, खरंच मिटतो. त्याला बदली कोणी नाही. मधले दोन डिफेंडर दगड आहेत, चांगल्या अर्थाने. मिडफिल्डमध्ये गुरुप्रसाद अजून तसाच जाडा आणि तसाच शहाणा, पळत नाही पण पास बरोबर देतो. पुढे अजिंक्य. ऑगस्टपासून सरावात अकरा गोल आहेत त्याचे, पण तो ट्रॉलरवर खलाशी लागलाय, त्यामुळे बोटीचा प्रमुख, तांडेल, सोडेल तेव्हा आपला.

क्वालिटी आहे दादा. प्रॉब्लेम आहे डेप्थचा. जून-जुलैत बोटी बंद असतात तेव्हा आपल्याकडे सव्वीस जण असतात, एकेका जागेला दोन-दोन. ऑगस्टला बोटी सुटल्या की निम्मा स्क्वॉड पाण्यावर. मी त्यासाठी वेगळा कॉलमच केलाय: 'जमिनीवर की पाण्यावर'. काल जमिनीवर सोळा होते. जर्सी अजूनही चौदाच आहेत, त्यामुळे आपली जुनी पद्धत चालू आहे. बोटीवरून जो धावत येतो त्याने बाहेर जाणाऱ्याच्या अंगातली ओली जर्सी उतरवून घ्यायची आणि तशीच चढवायची.

लेफ्ट बॅकची ओळ मी कोरी ठेवलीय. त्याबद्दल नंतर.

एक चांगली बातमी सांगायची राहिली. तुझा तो नियम आठवतो ना, की बॉल समुद्राकडच्या दगडी गडग्यावरून खाली गेला तर लेफ्ट बॅकने उतरून आणायचा, म्हणून सरावात आपली डावी बाजू कायम समुद्राकडे? जानेवारी ते मे आपले सहा बॉल गेले, कारण आणायला कोणी नव्हतं. जुलैच्या पावसात तो गडगा चांगला पंधरा फूट ढासळला, म्हणजे यंदा जास्त जायला हवेत. पण ऑगस्टपासून एकही गेलेला नाही. मी बॉलची पिशवी दोनदा उपसून मोजली.

गुरुप्रसादला विचारलं, "बॉल आणतं कोण रे खालून?"

तो म्हणाला, "येतात."

"येतात म्हणजे?"

"म्हणजे येतात गो. तू तुझं गणित कर."

चला, पान संपलं. डिसेंबरमधल्या त्या संध्याकाळबद्दल मी काही लिहिणार नाही. तूही लिहू नकोस. फक्त ये.

तुझी स्टॅट्सवाली
सानिका


रत्नागिरी
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

प्रिय दादा,

नमस्कार, आणि होऊन गेलेल्या दिवाळीच्या शुभेच्छा. आईने करंज्या दिल्यात, पत्र आणि डबा एकाच पार्सलात आहे. म्हणजे निदान करंज्यांसाठी तरी उघडशील.

वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, "तुझं पत्र वाचलंन आणि काजूच्या पोत्यावर बसून राहिला. पुढ्यातला चहा निवला तरी तसाच. सानिका, त्याला खेळाचं काही लिहू नको गो." मी हो म्हटलं. आणि आता लिहायला बसलेय. वहिनीला सांगू नकोस.

दादा, मला एक गोष्ट तुलाच विचारायची आहे, कारण दुसरं कोणी मला वेड्यात काढेल.

मी अजूनही मॅच तशीच शूट करते, पाण्याच्या टाकीच्या जिन्याला मोबाईल बांधून, समुद्राकडे तोंड करून. पाचनंतर ऊन समोरून येतं आणि सगळे काळे दिसतात, नुसत्या आकृत्या. पाठीवरचा नंबर अंग वळलं की कसाबसा वाचता येतो. तर अठरा तारखेला, धनतेरसच्या दिवशी, सराव मॅच होती. अजिंक्य आणि आणखी बरेच जण पाण्यावर होते, म्हणून आपली पहिली टीम दहा जणांनीच खेळली. लेफ्ट बॅकची जागा रिकामी ठेवली. दुसऱ्या दिवशी मी पास मोजायला बसले. गुरुप्रसादचे एकतीस पास. कोणाला किती गेले ते लिहिलं, तर बेरीज बावीसच. नऊ कमी. परत मोजले. ते नऊ पास त्याने डावीकडे मागे दिले होते, जिथे कोणी नव्हतं.

चुकले असतील असं म्हणून मी पुढे बघितलं. नऊच्या नऊ वेळा बॉल तिकडून परत आला. कधी यज्ञेशकडे, कधी मधल्या डिफेंडरकडे, अगदी पायात. दोनदा तर ढासळलेल्या गडग्यातून बाहेर गेला आणि परत आत आला. म्हणजे नऊ पास कोणालाच दिलेले नाहीत आणि नऊही पूर्ण झालेत. माझ्या शीटमध्ये यासाठी कॉलम नाही.

मग मी व्हिडिओ थांबवला आणि आपल्या टीमच्या आकृत्या मोजल्या. अकरा.

एक सेकंद पुढे नेलं, दहा. मागे आणलं, अकरा. ऊन आहे, लेन्सवर मीठ बसतं, हे सगळं मी स्वतःला सांगून झालंय. पण त्या अकराव्या आकृतीचा डावा हात हलत नव्हता. पळताना पोटाशी धरलेला होता, जसं कोणी शर्टात काहीतरी लपवून नेतं तसा.

तुला मी सांगायला नको. बोटीवर जाळं ओढायच्या विंचमध्ये मनगट गेल्यापासून असं कोण पळायचं.

दुसऱ्या दिवशी मी गुरुप्रसादला गाठलं. तो पायऱ्यांवर बसून भेळ खात होता.

"तू मागे पास कोणाला देतोस रे?"

"लेफ्ट बॅकला."

"लेफ्ट बॅक नाहीये आपल्याकडे."

"माहीत आहे मला." त्याने कागद चुरगळला. "मागे स्टड वाजतात गो. कातळ उघडा पडलाय ना तिथे, तिथे टक टक वाजतात. कोण तरी आलं मागे असं वाटतं, मग पाय आपोआप देतो."

"भीती नाही वाटत?"

"कसली भीती? बॉल नीट परत देतो. अजिंक्यपेक्षा नीट." मग म्हणाला, "तुला एक विचारू? गेल्या वर्षीच्या रिपोर्टात मला आठ मार्क होते आणि लवूला चार. मी घरी जाऊन आरशात बघितलं होतं, हा आठवाला कोण म्हणून."

मी हसले आणि त्याला विचारलं, भेळ कुठली.

मंगळवारी सगुणाकाकू आल्या. पाटीतली मासळी विकून आल्या होत्या, तशाच, हात पुसत. लवू गेल्यापासून लेकाची तीन नंबरची जर्सी त्यांच्याकडेच आहे, दर आठवड्याला धुतात, घडी घालून कपाटात ठेवतात. ती त्यांनी पिशवीतून काढून माझ्या मांडीवर ठेवली. ओली होती. पिळलेली नव्हती, नुसती ओली, आणि बाहीवर पांढरं मीठ.

"धुतलेली नाय," त्या म्हणाल्या. "म्हटलं आधी तुला दाखवू. शनिवारी सांजेला कपाट उघडलं तर अशी."

"काकू, हवा दमट आहे ना सध्या..."

"बाय, माझा जन्म ह्या हवेत गेला. दमट कशाला म्हणतात ते मला सांगतेस?"

त्या ओट्यावर टेकल्या. म्हणाल्या, भटजी मागे लागलेत. अंग मिळालं नाही, तर दर्भाचा पुतळा करून विधी करायचा, सतरा नोव्हेंबरला वर्ष होतंय. त्या तयार नाहीत.

"का पण, काकू?"

"कारण तो गेला कसा ते मला ठाव हाय. यादी वाचली संदेशाने, हा मैदानात उभा. अठरावं नाव झालं तरी उभा. सगळे घरी गेले तेव्हा कुठे हलला. आमच्या दारावरून गेला पण आत नाय आला. तांडेलाला एक माणूस कमी होता, बोट सुटत होती, चढला. पायात बूट तेच. तांडेल म्हणाला, सकाळी जाळं ओढताना त्या बुटांनीच घसरला. ज्याचं नाव घेतलं नाय त्याला निरोप कसा देऊ मी? आधी कोणी बोलवायला नको त्याला?"

मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "संदेशाला मी बोल लावत नाय हो. त्याला सांग. त्याच्या कागदात जे लिहिलेलं, ते त्याने वाचलं."

कागद म्हटल्यावर मी त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेले. बराच वेळ आतच होते.

दादा, तू येशील ना पंधराला? सही दोन मिनिटांची आहे. बाकीचं आपण बोलू. म्हणजे मी बोलेन.

तुझी
सानिका


रत्नागिरी
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

दादा,

आज मायना नाही. हे पत्र पोस्टाने न पाठवता लांजाच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतेय, आज दुपारी तुझ्या हातात पडेल. बसून वाच.

लवूला टीममधून तू काढलं नाहीस. मी काढलं.

गेल्या वर्षीची निवडीची मॅच आठव. नऊ नोव्हेंबर. तू म्हणालास, यादीत एकच जागा उरलीय, लेफ्ट बॅकला लवू की मिडफिल्डमधून मागे घेऊन गुरुप्रसाद, बघून सांग. मी जिन्यावर मोबाईल बांधला आणि घरी जाऊन नंबरवर मोजलं. तीन म्हणजे लवू, चौदा म्हणजे गुरुप्रसाद. पहिला हाफ लवू छान होता. दुसऱ्या हाफमध्ये तीन नंबर सारखा धापा टाकत मागे राहत होता, अकरा वेळा बॉल घालवला, आणि चौदा नंबर नुसता उडत होता. मी दुसऱ्या हाफला जास्त वजन देऊन सरासरी काढली. लवू चार, गुरुप्रसाद आठ.

हाफटाइमला त्यांनी जर्सी बदलल्या होत्या. चौदा नंबर गुरुप्रसादला काखेत घट्ट व्हायची, श्वास कोंडतो म्हणाला, तर लवूने आपली काढून दिली. बस, एवढंच. मैदानावर सगळ्यांना माहीत होतं. तुला मात्र नव्हतं, कारण तू अर्ध्यातून आयोजकांच्या मीटिंगला गेला होतास आणि बाकीची मॅच माझ्यावर सोडली होतीस. आणि मला नव्हतं, कारण मी माणसं बघत नव्हते, पाठी बघत होते. आपल्या क्लबात जर्सी अंगावरून अंगावर जाते हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी मी परदेशी क्लबांसारखा रिपोर्ट करायला गेले, जिथे एक नंबर म्हणजे एक माणूस.

तू रिपोर्ट बघून कपाळाला आठ्या घातल्यास. म्हणालास, "सानिका, मला लवू बरा वाटतो गो. खात्री आहे तुला?" मी म्हटलं, शंभर टक्के. वर ग्राफ दाखवला तुला. रंगीत.

तू माझ्यावर विश्वास ठेवलास. आणि यादीत त्याचं नाव घेतलं नाहीस.

सतरा तारखेला हाफटाइमला बंदरावरून निरोप आला आणि आपण मैदान सोडलं. तेव्हा तू जिन्याखाली बसून म्हणालास, "मी त्याला घेतलं असतं तर तो आज इथे असता." मी तुझ्या शेजारी उभी होते. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं, दादा. एवढं एक माझ्या बाजूने धर.

मला कळलं तेरा डिसेंबरला. लवूची आठवण आली म्हणून तो व्हिडिओ लावला, त्याला पळताना बघायला. आणि दुसऱ्या हाफमध्ये चौदा नंबरचा डावा हात पोटाशी होता.

आणि चौदा डिसेंबरला तू यादी वाचलीस.

महिन्यानंतरचा पहिला खेळ, गोव्याच्या पोरांशी मैत्रीची मॅच होती. संध्याकाळचे पाच. सगळे ओळीने उभे. तू तुझ्या पद्धतीने नंबराने नावं घेत होतास. एक, यज्ञेश. तो म्हणाला, आहे. दोन. आहे. तीन नंबर कोणाला दिलेला नव्हता, म्हणून तू तिथे जरासा थांबलास, चारचं नाव घेण्याआधी.

तेवढ्यात गडग्याच्या बाजूने आवाज आला. "आहे."

तुझ्या हातातला कागद खाली पडला. तू एकेकाला विचारलंस, कोण बोललं. सगळे पायाकडे बघत होते. शेवटी तू माझ्याकडे बघितलंस. तुला खात्री होती की मी खोटं बोलणार नाही. तू विचारलंस, "सानिका, तू ऐकलंस?"

मी नाही म्हटलं.

मी ऐकलं होतं, दादा. अगदी स्वच्छ. तोच त्याचा बसका आवाज, कायम सर्दी असल्यासारखा. पण हो म्हटलं असतं तर पुढे तू विचारलं असतंस, तो का आला असेल. आणि ते मला आदल्या दिवशीच कळलं होतं. त्याच्या नावासाठी आला होता. ते यादीत असायला हवं होतं.

तू शिट्टी माझ्या हातात दिलीस आणि चालत गेलास. मागे वळला नाहीस. त्या आठवड्यात लोक म्हणाले, संदेशच्या डोक्यावर परिणाम झाला, नसलेले आवाज ऐकतो. वहिनी घाबरून तुला माहेरी लांजाला घेऊन गेली. अकरा महिने तू त्या पोत्यांवर बसून स्वतःला वेडा समजतोयस. मी एक शब्द बोलले असते तर तुझं तसं झालं नसतं. मी आकडे बरोबर मोजते म्हणून सगळे माझं कौतुक करतात, आणि मी हे अकरा महिने मोजत बसले.

काल मी हे गुरुप्रसादला सांगितलं. म्हटलं, तो रागावेल, शिव्या देईल. तो म्हणाला, "जर्सीचं मला तेव्हाच कळलं होतं. मार्क बघून. बोललो नाही, कारण मला घेतलं होतं ना. मेला मी पण त्यातलाच."

मी म्हटलं, "आणि तो आवाज?"

"तो सगळ्यांनी ऐकला गो. पण तू नाही म्हणालीस, मग आम्ही पण गप्प बसलो. म्हटलं, रिपोर्टवाली ही. हिने ऐकलं नाही म्हणजे नसेल."

दादा, माझ्या तोंडून आलेला आकडा खरा आणि माझ्या तोंडून आलेला 'नाही' पण खरा. एवढा विश्वास माझ्यावर कोणी ठेवायला नको होता.

आता पुढचं.

सगुणाकाकूंना मी आज सकाळी सांगितलं. वाटलं होतं ओट्यावरून उठवतील. त्या पाटीतल्या मासळीवरचा बर्फ हाताने सारखा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू बोललीस ते बरं केलंस," आणि पाटीवर फडकं टाकलं. मी उठले, दारापर्यंत गेले, तेव्हा मागून म्हणाल्या, "संदेशाला बोलव. त्याने यादी वाचली की मग भटजींना सांगते. त्याच्या तोंडून वाचली गेली तरच."

तर शनिवारी पाच वाजता मैदानावर ये. मी सगळ्यांसमोर, तू कागद उघडायच्या आधी, जर्सीचं आणि डिसेंबरचं सांगणार आहे. मग तू यादी वाच. सोबत ठेवलीय, अठरा नावं, तिसरं मी माझ्या हाताने लिहिलंय. रविवारी मैदानात कोण उतरतं ते रविवारी बघू, दहा तर दहा. जर्सी मी काकूंकडून आणलीय, गडग्यावर ठेवीन, जिथे तो ढासळलाय तिथे. तीन नंबरचं नाव मोठ्याने घे, आणि घेतलंस की थांब, तू प्रत्येकासाठी जेवढा थांबतोस तेवढाच. कमी नाही, जास्त नाही. उत्तर आलं तर माझ्याकडे बघ. या वेळी मी पहिली म्हणेन, ऐकलं.

आणि तू यायचं नाही ठरवलंस तरी मला समजेल. एवढं सगळं वाचून तुला माझं तोंडही बघावंसं वाटणार नाही, तेही बरोबर आहे. पण तू वेडा नाहीस. हे तरी माझ्याकडून घे. हे मी मोजून नाही सांगत, ऐकून सांगतेय.

शेवटचं एक. हे पत्र मी घरी नाही, मैदानावर पायऱ्यांवर बसून लिहितेय. सकाळचे अकरा वाजलेत, ऊन डोक्यावर आहे, मैदानात कोणी नाही. मघाशी उठून मी ती यादी एकदा मोठ्याने वाचून बघितली. पहिलं नाव घेतलं, दुसरं घेतलं, तिसरं घेतलं, आणि तुझ्याइतकीच थांबले. उत्तर आलं नाही. मी अजून एकदा घेतलं. नाही आलं. पण गडग्याजवळच्या उघड्या कातळावर स्टड वाजले, टक टक, आणि थांबले. कोणी तरी ओळीत येऊन उभं राहावं तसे.

मला वाटतं तो माझ्या आवाजाला ओ देणार नाही. तो तुझी वाट बघतोय.

यादी चुकवलेली, तुझी बहीण,
सानिका